बारा लाखांत सहा जण

चौदा लाख हा आकडा बाबांनी ज्या आवाजात वाचला, त्या आवाजात ते एरवी फक्त गिऱ्हाइकाच्या पोटाचं माप सांगतात. हळू, खाली बघून, शेजारच्याला ऐकू जाणार नाही असं. पण रविवारची दुपार होती, दुकानाचं शटर अर्धं खाली होतं, आणि कटिंगच्या लांबलचक टेबलाभोवती घरचेच सहा जण होते. त्यामुळे सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं.

"किती?" तरी काकानं विचारलं.

"चौदा."

"आणि खात्यात?"

"बारा."

टेबलावर युरोपचा नकाशा पसरला होता. तो गुंडाळला जाऊ नये म्हणून बाबांनी सवयीनं त्यावर कापडावरची लोखंडी वजनं ठेवली होती, आणि त्यातलं सगळ्यात जड नेमकं पॅरिसवर आलं होतं. माईनं, म्हणजे बाबांच्या आईनं, ते उचलून समुद्रात ठेवलं. बाकी कोणी हललं नाही.

हे बारा लाख साधेसुधे नव्हते. मास्टर, म्हणजे बाबांचे वडील, हयात असताना त्यांनी ठरवून टाकलं होतं की नवीन कपड्यांचे पैसे घराचे, आणि अल्टरेशनचे पैसे वेगळ्या खात्यात. कोणाची पँट आखूड कर, कोणाचा कोट सैल कर, कोणाची चेन बदल, असलं सगळं किरकोळ काम त्या खात्यात जायचं. युरोपला निघालेले लोक मास्टरांकडून गरम कोट शिवून घ्यायचे. परत आले की मास्टर त्यांना डोंगर कसे होते, चित्रं कशी होती, काही विचारायचे नाहीत. कॉलरमधून वारं आत गेलं का, एवढंच विचारायचे. एक दिवस म्हणाले, आपण सगळे जाऊ आणि स्वतःच बघू. त्यांचं जाणं राहिलं. खातं मात्र माईनं बंद होऊ दिलं नाही, आणि या वर्षी पासबुक बघून तिनं जाहीर केलं, "आता निघायचं. सगळ्यांनी."

सगळे म्हणजे माई, बाबा, आई, टाचणी, आत्या आणि काका. टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण नववीतली ही मुलगी बोलायला लागली की समोरच्याला कुठंतरी टोचतंच, त्यामुळे खरं नाव फक्त शाळेत उरलं होतं.

बाबांनी पुढचं वाक्य म्हणायला नको होतं. पण कापड कमी पडलं की काय वगळता येईल ते आधी बघायचं, ही त्यांच्या हाताची सवय.

"एक माणूस कमी झाला तर बसतं," ते म्हणाले.

"मग मी थांबते," आत्या म्हणाली.

इतक्या चटकन म्हणाली, जसं काही वाक्य आधीच शिवून, इस्त्री करून हँगरला लावून ठेवलं होतं.

"तू का?" बाबांनी विचारलं.

"दुकान कोण बघणार? शाळांचे गणवेश त्याच सुमाराला येतात. शिवाय मला थंडी सोसत नाही."

"उन्हाळ्यात जातोय आपण," आई म्हणाली.

"तिकडचा उन्हाळा म्हणजे काय, सांगता येत नाही."

"मी थांबतो," काका म्हणाला. "ताई, तू जा. मला तसंही विमानात कान दुखतात."

"तू कधी बसलास रे विमानात?"

"म्हणूनच तर. दुखणार याची खात्री आहे."

"गप्प बसा," माई म्हणाली. "मी थांबते. माझे गुडघे काय तुम्ही आख्ख्या युरोपभर ओढत नेणार? मला फोटो दाखवा आल्यावर."

"माई, तुझ्याच हट्टापायी चाललोय आपण," बाबा म्हणाले.

"मग माझा हट्ट मी मागे घेते."

"लहान मुलांना अर्धं तिकीट असतं ना?" टाचणीनं विचारलं. "मी वाकून चालेन."

आईनं बिस्किटांचा पुडा बंद केला. "छान. सगळेच थांबतायत. बारा लाख एकटेच जाऊन येतील."

काका हसला, माई हसली. बाबांना हसू आलं नाही. ते बहिणीकडं बघत होते. गेल्या वर्षी त्यांचा उजवा खांदा आखडला आणि हात वर जाईना, तेव्हा मोठी कात्री आत्यानं उचलली होती. तोवर तिनं फक्त बायकांचे कपडे कापले होते. पहिल्या पुरुषी सुटाला तिनं कात्री लावली तेव्हा बाबा बाजूला स्टुलावर बसून होते. एकदाही 'अगं थांब' म्हणाले नाहीत आणि शर्ट मात्र घामानं भिजला. सूट नीट झाला. पुढचेही झाले. खांदा मोकळा झाल्यावर एका सकाळी कात्री धार लावून त्यांच्या जागेवर ठेवलेली होती आणि आत्या आपल्या मशीनवर जाऊन बसली होती, जसं काही मधे काही घडलंच नव्हतं. बाबांनी तिला काही म्हटलं नव्हतं. या घरात आभार मानायची तोंडाला सवयच नव्हती. त्यांच्या मनात होतं, पॅरिसला पोचल्यावर म्हणू. आणि आता त्यांच्याच आकड्यानं तिला विमानातून खाली उतरवलं होतं.

"वन्सं," आई उठली, "जरा इकडं या."

*

ट्रायल रूममध्ये तीन आरसे होते आणि एक पडदा. आईनं पडदा ओढला. ती दवाखान्यात नर्स होती, आणि पडदा ओढल्यावर माणसं खरं बोलतात असा तिचा रोजचा अनुभव होता.

"खरं सांगा. जायचं नाहीये तुम्हाला?"

"नाही गं वहिनी."

"माझ्याकडं बघून सांगा."

आत्यानं मान वळवली. पण तीन आरशांच्या त्या खोलीत कुठंही बघितलं तरी वहिनीच दिसत होती. उजवीकडं वहिनी, डावीकडं वहिनी, समोर तर साक्षात वहिनी.

"हसू नकोस," आत्या म्हणाली आणि स्वतःच हसली. मग स्टुलावर बसली. "जायचंय गं. मला ना, पॅरिसच्या एखाद्या मोठ्या दुकानात शिरून एक कोट उलटा करून बघायचाय. अस्तर कसं बसवलंय ते. बाहेरून कोणीही चांगलं शिवतं."

"हाकलून देतील."

"देऊ देत. बघून झाल्यावर देऊ देत."

"मग चला की. स्वित्झर्लंड काढून टाकू. डोंगर काय, फोटोत पण तसेच दिसतात."

"धाकट्याचा जीव आहे त्या डोंगरांत."

"मग रोम काढू."

"रोम माईचं. तिला ते मोठं कारंजं बघायचंय." आत्यानं पडद्याची दोरी बोटाला गुंडाळली. "असं प्रत्येकाचं थोडं थोडं कापण्यापेक्षा मी थांबले तर सगळ्यांचं पूर्ण होतं. सोपं आहे."

"तुम्हाला बरं सोपं वाटतं सगळं."

"वहिनी, मी सासर सोडून आले ना, एक बॅग घेऊन. तेव्हा तू कपाटातले दोन कप्पे रिकामे केलेस. किती दिवसांसाठी आलीस, असं कोणी विचारलं नाही. तू नाही, दादानं नाही, माईनं नाही. ते मी विसरलेली नाही."

"त्यात काय एवढं. तेव्हा माझ्याकडं कपडेच कमी होते."

"दोन कप्पे रिकामे करायला तू तुझे लग्नातले कपडे पेटीत घातलेस. मला माहीत आहे, पेटी मीच नंतर उघडली होती."

 समोर रुग्ण रडायला लागला तर काय करायचं ते आईला येत होतं. पण ही रडत नव्हती, उलट हिचा चेहरा चांगला प्रसन्न होता, आणि त्यावर दवाखान्यात काही औषध नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "ते कप्पे वापरायला दिले होते. परतफेड करायला नाही."

बाहेर माई विचारत होती, चहा पुन्हा टाकू का.

*

काका आणि टाचणी शटरखालून वाकून बाहेर आले होते आणि दुकानाच्या पायरीवर बसले होते. समोरचा रस्ता रिकामा होता. पलीकडच्या फुलवाल्यानं बादल्या उपड्या करून ठेवल्या होत्या.

काका एका आयात-निर्यातीच्या कंपनीत हिशोबनीस होता. त्याच्या कॉलेजची सगळी फी आत्याच्या मशीनवरून आली होती, आणि हे तो आठवड्यातून एकदा तरी कोणाला ना कोणाला सांगायचा. आत्या समोर नसताना. समोर असली की तिला चिडवायचा.

"ताई राहिली तर मी जाणार नाही," तो म्हणाला. "तिकडं बर्फात उभा राहून काय करू? तिचीच आठवण येईल आणि नाक गळेल."

"मग सगळे आकडे काढ. कुठं तरी कमी करता येईल."

"माझं रोजचं कामच आहे ते. केलेत कमी. काही निघत नाही."

"रेल्वेचं तर निघेल. मीच शोधली होती तिकिटं. आधी काढली तर स्वस्त पडतात." टाचणीनं त्याच्या हातातल्या मोबाइलमध्ये डोकं घातलं. काकानं सगळा खर्च एकाखाली एक नीट मांडला होता. तिचं बोट रेल्वेवर थांबलं. "हे एवढे कसे?"

"तेवढेच आहेत."

"नाहीत. मी बाबांना एवढे सांगितलेच नव्हते."

"दादानं मला सांगताना थोडे धरून सांगितले असतील. भाव वाढतात."

"आणि तू?"

"मी कशाला वाढवू? मी फक्त युरोचा भाव जरा चढा धरला."

"किती चढा?"

काकानं मान खाजवली. "जरा बऱ्यापैकी. ऐन वेळी युरो वाढला तर? आमच्या कंपनीत एकदा असं झालं, साहेबांना रात्रभर झोप नव्हती."

"आणि मग हे सगळं तू कोणाकडं दिलंस?"

"वहिनीकडं. जेवण आणि औषधपाणी ती बघणार होती. तिच्याकडून ताईकडं गेलं, आणि ताईनं दादाला दिलं."

टाचणी पायरीवरून उठली. नकळत तिचं तोंड उघडं राहिलं होतं. एखाद्या अवघड गणिताचं उत्तर सुटण्याआधीच दिसावं तसं काहीतरी तिला दिसत होतं, आणि ते इतकं सोपं आणि इतकं या घराचं होतं, की आधी तिला हसू आलं आणि मग ती धावत शटरखालून आत गेली. डोकं आपटलं, तरी थांबली नाही.

*

"सगळ्यांनी खरं सांगायचं," ती म्हणाली. "कोणी किती माया ठेवली?"

ट्रायल रूमचा पडदा सारून आई आणि आत्या बाहेर आल्या, आणि टाचणीच्या मागोमाग काकाही वाकून आत आला.

शिंप्याच्या घरात हा प्रश्न विचारायची गरजच पडत नाही. कापड कापताना शिलाईच्या आत थोडं जास्तीचं सोडतात, त्याला माया म्हणतात. गिऱ्हाइकाचं वजन वाढलं तर उसवून सैल करता येतं. ती ठेवायची कटिंग करणाऱ्यानं, आणि तुकडे पुढं देताना मोठ्यानं सांगायचं, 'माया धरलीय.' ते सांगणं महत्त्वाचं. नाहीतर शिवणारा आपली वेगळी ठेवतो, काज-बटणवाला आपली, आणि कोटाचा तंबू होतो. मास्टरांच्या काळात तसा एक झाला होता. त्यात गिऱ्हाइक आणि त्याची बायको दोघं एकदम मावली होती म्हणे, आणि दोघांनीही कोट परत द्यायला नकार दिला होता.

पैशांच्या बाबतीत मोठ्यानं सांगायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"बाबा?"

"माझी थोडीच होती," बाबा म्हणाले. "दहातली एक. एजंटचे, जेवणाचे आणि रेल्वेचे मिळून दहा लाख होत होते, मी अकरा धरले. माईला सारखं चालायला लागू नये. टॅक्सी केली तर असावेत जवळ."

"माझ्यासाठी?" माई म्हणाली. "मी तुझ्या आधी पोचेन कुठंही."

"आत्ता तर गुडघे ओढत न्यायचे होते," आईनं आठवण करून दिली.

"काका?"

"युरोचा सांगितला ना. एक लाखभर आले त्यातून." काकानं आवाज खाली घेतला. "म्हटलं, नाही वाढला युरो तर उरतील. ताईला तिकडं काही आवडलं, तर दुकानात उभं राहून किंमत वाचत बसायला नको."

आत्यानं त्याच्याकडं बघितलं आणि लगेच नजर नकाशाकडं वळवली.

"आई?"

"औषधांचे धरले. डॉक्टर लागला तर धरले. तुझ्या काकाचं पोट बाहेरचं खाल्लं की तीन दिवस बंड करतं, त्याचे वेगळे धरले." आई थांबली. "तेही लाखभर झाले असतील."

"लाखभराचं पोट?" काका म्हणाला.

"तुला कल्पना नाहीये."

"आत्या?"

 आत्यानं टेबलावरचं खडूचं एक तुटकं टोक उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. "तुझ्या शाळेच्या फीचा महिना मधे येतो," ती शेवटी म्हणाली. "परत आल्यावर हात आखडला, तर फीला धक्का नको. म्हणून पाऊण."

टाचणीला वाटलं होतं, आपण सगळ्यांना पकडतोय. आता तिला पुढं काय विचारावं ते कळेना. ते बघून माईनं कप खाली ठेवला.

"मी काही ठेवलं नाही हं," माई म्हणाली. "मी फक्त पोराला म्हटलं, पावणेचौदा कसलं सांगतोस, गोल आकडा कर."

"वरचा की खालचा?"

"खाली कोण गोल करतं?"

काकाला हसू आवरेना. त्यानं कपाळ टेबलावर टेकलं आणि त्याचे खांदे हलायला लागले.

"आणि तू गं?" आईनं टाचणीला विचारलं. "सगळ्यांची झडती घेतेयस, तुझी?"

टाचणीनं ओठ चावला. "प्रत्येक तिकिटावर थोडी थोडी," ती म्हणाली. "आइस्क्रीमपुरती."

त्यावर मात्र बाबाही हसले. पोटातून, खांदा दुखेपर्यंत. काकानं खडू हिसकावून घेतला आणि टेबलाच्या लाकडावरच लिहायला सुरुवात केली. एकेकाची माया तो मोठ्यानं उसवत गेला. माईची निघाली, आत्याची निघाली, मग काकाचं पोट, युरो, टॅक्सी. सगळं निघाल्यावर खाली दहा राहिले. टाचणीचं आइस्क्रीम त्यात कुठंतरी विरघळलं होतं, ते शोधायला त्यानं नकार दिला.

"दहा," काका म्हणाला. "सहा जणांचे. आता यावर एक माया. एकच. कोण ठेवणार?"

"कापणारा," माई म्हणाली. या दुकानात त्यावर कधी वाद झाला नव्हता.

"माया धरलीय," बाबा मोठ्यानं म्हणाले. "एक लाख. अकरा झाले. यात टॅक्सी, डॉक्टर, युरो, सगळ्यांचं आलं. पुढं कोणीही हात लावायचा नाही."

"म्हणजे सहाही जण," टाचणी म्हणाली. "आणि लाखभर उरले."

तिनं आत्याकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

आत्या कप गोळा करत होती. "झालं की मग. छान झालं. मला खरंच बरं वाटलं." तिनं कपात कप घातले. "पण दुकानाचं काय? पैसे निघाले, माणूस कुठून निघणार? आपलं दुकान कधी एवढे दिवस बंद राहिलंय का? मास्टर गेले तेव्हासुद्धा चौथ्या दिवशी उघडलं."

"तू उघडलंस," बाबा म्हणाले. "मला उठवत नव्हतं."

"कोणीतरी उघडायचंच असतं."

"दर वेळी तूच का?"

"दादा, आता ते कशाला..."

"ठेव ते कप." बाबा उभे राहिले. उभं राहून काय करायचं हे त्यांनी ठरवलं नव्हतं, त्यामुळे ते टेबलाला वळसा घालून तिच्या बाजूला आले आणि तिथंच अवघडल्यासारखे थांबले. "माझा खांदा गेला होता तेव्हा मी तुला काही म्हटलं नाही."

"काय म्हणायचं होतं?"

"तेच."

"मग म्हण."

"म्हणतोय ना. चल म्हणतोय."

आईनं माईकडं बघितलं, माईनं छताकडं. आपल्या मोठ्या मुलाला एवढं एक वाक्य यायला किती वर्षं लागली, असा काहीसा हिशोब तिच्या चेहऱ्यावर होता. पण तो वाईट नव्हता. आहे ते मिळालं, याचाच त्यात आनंद जास्त होता.

"उरलेल्या लाखातून दुकानाचं भाडं द्यायचं," बाबा पुढं बोलायला लागले, आता त्यांना थांबवत नव्हतं. "दोन्ही कारागिरांना पगार द्यायचा. त्यांना पण सुट्टी. भरपगारी. त्यांनी तरी कधी घेतलीय? बाहेर पाटी लावू. ज्याला घाई असेल तो दुसरीकडं जाईल, आणि त्याचा कोट काखेत दाटला की परत येईल."

"आणि गणवेश?" आत्यानं विचारलं.

"गणवेश..." बाबा अडकले.

"शाळांना सांगता येईल," आई म्हणाली. "मापं आधी घेऊ म्हणावं."

"मी आमच्या बाईंना सांगते," टाचणी म्हणाली. "आमची शाळा तर माझ्या खिशात आहे."

"ऐकलं का," काका म्हणाला. "मागच्या महिन्यात वर्गाबाहेर उभी होती ही."

"बाहेरूनच खिशात घातली."

आत्या नकाशाकडं बघत होती. मग तिनं बोटानं काहीतरी मोजलं. युरोप नव्हे, आठवडे. "आधी कापून ठेवावे लागतील," ती म्हणाली. "रविवारचं पण बसावं लागेल. आणि तू," हे काकाला, "कंपनीतून आल्यावर बटणं लावायचीस. नुसते युरो लावून भागणार नाही."

आनंदानं ओरडावं असं टाचणीच्या अगदी गळ्यापर्यंत आलं होतं. पण सुईत दोरा जाताना जसं सगळे श्वास धरतात, तसा सगळ्यांनी धरला होता, आणि तिनंही धरला.

"काय बघताय?" आत्या म्हणाली. "कॉलर कोण लावणार ते बोला."

*

व्हिसाचे फोटो काढायला सहाही जण एकाच दिवशी गेले. दुकानाच्याच गल्लीच्या टोकाला एक छोटा स्टुडिओ होता. मागं पांढरा पडदा, पुढं एक गोल स्टूल, आणि फोटोग्राफर असा, की त्याला रोज तेच तेच सांगून कंटाळा आलेला.

"हसायचं नाही," तो म्हणाला. "दात दिसता कामा नयेत. चेहरा सरळ. हसरा फोटो परत येतो, मग पुन्हा पैसे."

बाबांना काही करावंच लागलं नाही, त्यांचा चेहरा मुळातच सरकारी होता. आईचा झाला. काकानं पोट आत घेतलं. फोटोत पोट येत नाही हे त्याला सांगावं लागलं. माईनं असा करारी फोटो दिला, की तो बघून कुठलाही देश तिला अडवणार नाही. टाचणीनं दोन्ही गाल आतून चावून धरले आणि निभावलं.

मग आत्या स्टुलावर बसली. केस नीट केले, हात मांडीवर ठेवले.

"सरळ बघा. हां. हसू नका."

"नाही हसत."

"हसताय तुम्ही."

"नाही हो."

त्यानं फोटो काढला, बघितला, मान हलवली. पुन्हा काढला. आत्यानं ओठ घट्ट मिटले तर गाल वर चढले. गाल आवरले तर डोळे हसायला लागले. तिनं डोळे मोठे केले, तेव्हा ती हसू दाबून धरलेल्या शाळकरी मुलीसारखी दिसायला लागली, आणि फोटोग्राफरच्या मागं टाचणीला काकाच्या पाठीत तोंड लपवावं लागलं.

"बाई," फोटोग्राफर कॅमेऱ्यामागून बाहेर आला. चिडला नव्हता, थकला होता. "एक करा. काहीतरी काळजीची गोष्ट आठवा. घरातली, कामातली, कुठलीही. चेहरा आपोआप उतरतो. सगळ्यांचा उतरतो."

"बरं," आत्या म्हणाली.

तिनं समोर बघितलं. भिंतीवरचं घड्याळ चालत राहिलं. बाबा, आई, माई, सगळे तिच्याकडं बघत होते. ती मनापासून विचार करत होती, हे दिसत होतं. भुवया जरा जवळ आल्या, पुन्हा लांब गेल्या.

"सापडली का?" फोटोग्राफरनं विचारलं.

"थांबा हं," आत्या म्हणाली. "शोधतेय."